‘ॲट दि अर्लिएस्ट’ म्हणजे केव्हां ?

परभाषा शिकणाराला मोठे शब्द फारसे फसवीत नाहींत. अवघड शब्द समोर आला कीं तो थबकतो, कोश उघडतो, जाणत्याला विचारतो आणि अर्थाची खात्री झाल्यावरच पुढें जातो. फसवणूक होते ती लहान आणि ओळखीच्या शब्दांकडून. ते रोज डोळ्यांखालून जातात, त्यांचा अर्थ माहीत आहे असें गृहीतच धरलेलें असतें, आणि म्हणून त्यांच्यासाठीं कोश कधीं उघडलाच जात नाहीं. ‘ॲट दि अर्लिएस्ट’ हा इंग्रजी शब्दसमूह याच जातीचा आहे. त्यांतले तिन्ही शब्द शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असतात. पण भारतांत लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजी पत्रांत तो ज्या अर्थानें येतो आणि इंग्लंड-अमेरिकेंत ज्या अर्थानें वाचला जातो, ते दोन अर्थ केवळ निराळे नाहींत. कित्येक वाक्यांत ते एकमेकांच्या उलट आहेत.

कोणत्याहि कचेरींतलें पत्र घ्यावें. पूर्वीं तें टाइप होऊन टपालानें जाई, आतां ई-मेलनें जातें. शेवटची ओळ मात्र ठरलेली. ‘प्लीज रिप्लाय ॲट दि अर्लिएस्ट.’ लिहिणाराच्या मनांत असतें, ‘कृपया लवकरांत लवकर उत्तर द्यावें.’ पुण्यांत, नागपुरांत किंवा दिल्लींत तें वाचणाराहि तोच अर्थ घेतो आणि व्यवहार सुरळीत चालतो. हेंच पत्र लंडनला गेलें कीं वाचणारा वाक्याच्या शेवटीं क्षणभर अडखळतो. त्याला तें अपुरें वाटतें. शेवटच्या तीन शब्दांपूर्वीं एखादा वार किंवा एखादी तारीख असावयास पाहिजे होती, ती लिहावयाची राहून गेली, असें त्याच्या मनांत येतें. मग अर्थ तो अंदाजानें लावतो. येथवर कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें लिहिणारा आठवणीनें तारीख घालतो तेव्हां.

इंग्रजांच्या इंग्रजींत हा शब्दसमूह ‘त्वरा करा’ असें सांगत नाहीं. तो एक मर्यादा सांगतो. ‘ही विल अराइव्ह ऑन थर्सडे ॲट दि अर्लिएस्ट’ याचा अर्थ, ‘अगदीं लवकरचा हिशोब धरला तरी तो गुरुवारीं येईल.’ म्हणजे बुधवारीं येण्याचा संभव नाहीं. गुरुवारीं येईल, शुक्रवारीं येईल, कदाचित् पुढचा सोमवारहि उजाडेल. बोलणारा गुरुवारचें वचन देत नाहीं. गुरुवारपूर्वीं वाट पाहूं नका, एवढेंच तो बजावतो. याच्या जोडीचा शब्दसमूह ‘ॲट दि लेटेस्ट’. ‘ही विल अराइव्ह ऑन थर्सडे ॲट दि लेटेस्ट’ म्हणजे उशिरांत उशिरा गुरुवारीं. मंगळवारीं येईल, बुधवारीं येईल, पण गुरुवार ओलांडणार नाहीं. पहिला शब्दसमूह काळाच्या अलीकडच्या बाजूस कुंपण घालतो, दुसरा पलीकडच्या. ज्याला घाई आहे त्याला हवें असतें पलीकडचें कुंपण. आणि भारतीय पत्रलेखक नेमकें अलीकडचें मागून बसतो.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे. ज्यांचीं मुलेंबाळें परदेशांत आहेत अशीं घरें आज महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. समजा, मँचेस्टरला असलेल्या मुलीवर शस्त्रक्रिया झाली आहे. जांवई पुण्यास कळवितो कीं डॉक्टर म्हणतात, ‘शी विल बी होम ऑन मंडे ॲट दि अर्लिएस्ट.’ आई तें वाचते आणि तिच्या मनांत अर्थ उमटतो, ‘लवकरच, सोमवारीं, घरीं.’ शेजारीं-पाजारीं सांगून होतें, देवापुढें साखर ठेवून होते. सोमवार जातो, मंगळवार जातो, मुलगी अजून रुग्णालयांतच. बुधवारीं आईच्या मनांत नाहीं नाहीं त्या शंका येऊं लागतात : कांहीं गुंतागुंत झाली असेल, मुद्दाम सांगत नसतील. वास्तविक कांहींच झालेलें नसतें. सोमवारपूर्वीं सोडणार नाहीं, पुढें प्रकृति पाहून ठरवूं, असें डॉक्टरनें पहिल्याच दिवशीं त्या तीन शब्दांत सांगून ठेवलेलें होतें. तें ऐकूं आलें नाहीं इतकेंच.

ही चूक अज्ञानानें होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. तिच्या मुळाशीं मराठीच आहे. मराठींत ‘लवकरांत लवकर’ हा एकच प्रयोग दोन्ही कामें करतो. ‘लवकरांत लवकर ये’ यांत त्वरेची विनंती आहे. ‘लवकरांत लवकर म्हटलें तरी गाडी दहाला पोंचेल’ यांत मर्यादा आहे. शब्द तेच, अर्थ ठरतो तो क्रियापदावरून आणि ‘म्हटलें तरी’ या पुरवणीवरून. क्रियापद आज्ञार्थीं किंवा विध्यर्थीं असलें कीं त्वरा, भविष्यकाळीं असलें कीं बहुधा मर्यादा. मराठी माणूस हा भेद कोणीं न शिकवितां पाळतो, आणि म्हणूनच तो त्याच्या नजरेस येत नाहीं. हिंदींतल्या ‘जल्दी से जल्दी’ची गतहि फारशी निराळी नाहीं. शाळेंत केव्हां तरी मुलाला सांगितलें जातें कीं ‘लवकरांत लवकर’ याला इंग्रजींत ‘ॲट दि अर्लिएस्ट’ म्हणतात. सांगणें खोटें नसतें, अर्धें असतें. दोहोंपैकीं एकाच अर्थाला लागू पडणारा प्रतिशब्द मूल दोन्ही अर्थांना लावूं लागतें, आणि मोठें होऊन कचेरींत बसलें तरी तीच संवय कायम राहते.

दुसरें कारण इंग्रजीच्याच घरांतलें आहे. इंग्रज पत्रलेखकांच्या लेखणींत ‘ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’, ‘ॲट दि अर्लिएस्ट ऑपॉर्च्युनिटी’, ‘ॲट दि अर्लिएस्ट पॉसिबल मोमेंट’ असे लांबलचक प्रयोग पूर्वींपासून आहेत. आपल्या सोयीनें पण शक्य तों लवकर, पहिली संधि मिळतांच, शक्य त्या पहिल्या क्षणीं, असे त्यांचे अर्थ. या सर्वांत त्वरा आहे. पण त्यांत ‘अर्लिएस्ट’ हें विशेषण आहे आणि तें पुढच्या नामावर टेकून उभें आहे. सोय, संधि किंवा क्षण हें नाम काढून घेतलें कीं विशेषणाचा आधार गेला. जें उरतें तें दिसावयास पहिल्यासारखें, पण अर्थानें दुसऱ्याच घराण्यांतलें. ‘ॲट दि अर्लिएस्ट’ असें एकटें उभें राहिलें म्हणजे तें ‘पहिल्या संधीला’ असें न बोलतां ‘लवकरांत लवकरच्या हिशोबानें’ असें बोलूं लागतें, आणि हिशोब म्हटला कीं आंकडा हवा. वार, तारीख, वर्ष, घटिका, कांहीं तरी मोजण्याजोगें त्याच्या शेजारीं असल्यावांचून त्याला करमत नाहीं.

जातां जातां एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘अर्लिएस्ट’ मधला शेवटचा ‘एस्ट’ आणि संस्कृतांतल्या ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ, पापिष्ठ या शब्दांतला ‘इष्ठ’ हे प्रत्यय सख्खे भाऊ आहेत. दोन्ही एकाच प्राचीन आर्य-युरोपीय मूळ भाषेंतून आले. मराठीनें संस्कृताकडून हे तयार शब्द घेतले, पण प्रत्यय चालू ठेवला नाहीं. तिनें स्वतःची निराळी युक्ति काढली : शब्दाची द्विरुक्ति करावी आणि मध्यें सप्तमीचा ‘त’ घालावा. कमींत कमी, जास्तींत जास्त, चांगल्यांत चांगला, उशिरांत उशिरा. युक्ति सुरेख आहे. इंग्रजीला एका अर्थासाठीं प्रत्यय आणि दुसऱ्या अर्थासाठीं ‘ॲट’ हें शब्दयोगी जोडावें लागतें. मराठीचें काम एका द्विरुक्तीवर भागतें. काटकसरीची किंमत भाषांतर करतांना मोजावी लागते, एवढेंच.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं भारतांत कोट्यवधि लोक ज्या अर्थानें एखादा शब्द वापरतात तो अर्थ चूक कसा म्हणावा ? आक्षेप पोकळ नाहीं. ‘पोस्टपोन’च्या उलट ‘प्रीपोन’ हा शब्द भारतीय इंग्रजीनें प्रचारांत आणला आणि ऑक्सफर्डच्या कोशांत त्याला भारतीय इंग्रजी म्हणून स्थान मिळालें. ‘डू दि नीडफुल’ हा प्रयोग तर इंग्रजांनींच आणला. तिकडे तो मागें पडला आणि इकडे कचेऱ्यांतून टिकून राहिला. त्या दोहोंवर रागावण्याचें कारण नाहीं, कारण त्यांनीं कोणाची फसगत होत नाहीं. ‘प्रीपोन’ न समजणारा निदान विचारतो. ‘ॲट दि अर्लिएस्ट’ची गोष्ट वेगळी. तो न समजणाराला आपल्याला समजला असेंच वाटतें. दोन्ही बाजूंस पूर्ण खात्री आणि दोन्ही बाजूंस भिन्न अर्थ, अशी ती अवस्था आहे. भारतांतल्या भारतांत, तारखेवांचून, तो चालतो आहे तर चालूं द्यावा. देशाबाहेर, आणि विशेषतः तारखेसह, तो वापरूं नये.

तारखेसह काय होतें तें पहावें. समजा, कोल्हापुरांतल्या एका छापखान्याचें यंत्र बंद पडलें आहे. दिवाळी अंकांचीं कामें अंगावर आलेलीं, आणि यंत्राचा एक सुटा भाग जर्मनीहून मागवावयाचा. व्यवस्थापक इंग्रजींत लिहितो, ‘काइंडली डिस्पॅच दि पार्ट ऑन दि टेन्थ ऑफ सप्टेंबर ॲट दि अर्लिएस्ट.’ त्याच्या मनांत आहे कीं दहा सप्टेंबर ही अखेरची तारीख. जमल्यास आधींच पाठवावा. तिकडचा कारकून वाचतो कीं दहा सप्टेंबरपूर्वीं माल पाठवूं नये. गिऱ्हाइकाची कांहीं अडचण असेल, गोदामांत जागा नसेल, पैशाची सोय व्हावयाची असेल. भाग एक तारखेलाच बांधून तयार आहे. पण गिऱ्हाइकाची इच्छा म्हणून तो फळीवर पडून राहतो, आणि दहानंतरच्या कामाच्या गर्दींत पंधराला निघतो. इकडे जुळारी आणि यंत्रावरचे कामगार हात बांधून बसलेले; लेखक आणि जाहिरातदार तगादा लावीत आहेत. कोणीं हयगय केली असें म्हणतां येत नाहीं. जर्मन पेढीनें तर अक्षरशः आज्ञापालन केलें.

त्या व्यवस्थापकानें ‘ऑन’च्या ऐवजीं ‘बाय’ लिहून ‘बाय दि टेन्थ ॲट दि अर्लिएस्ट’ असें म्हटलें असतें तर वाक्य अधिक अशुद्ध झालें असतें, पण कमी धोक्याचें. ‘बाय’ म्हणतें दहाच्या पलीकडे नको, ‘ॲट दि अर्लिएस्ट’ म्हणतें दहाच्या अलीकडे नको. असें परस्परविरोधी वाक्य वाचून समोरच्यास उलट विचारणें भाग पडतें, आणि विचारलें कीं उलगडा होतो. व्याकरणाला धरून असलेलें वाक्य जास्त घात करतें, कारण त्याचा संशय कोणालाच येत नाहीं.

करारनाम्यांत तर हे शब्द घालूंच नयेत. त्यांच्यांत त्वरेचा भास आहे, मुदत मुळींच नाहीं. १८७२ च्या भारतीय कराराच्या कायद्याचें ४६ वें कलम असें आहे कीं जेथें वचन पुरें करण्याचा काळ ठरविलेला नाहीं आणि समोरच्यानें मागणी करण्याची वाट पहावयाची नाहीं, तेथें तें वाजवी मुदतींत पुरें केलें पाहिजे. आणि वाजवी मुदत कोणती, हा त्या त्या प्रकरणांतल्या वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. म्हणजे तारीख न घालतां ‘ॲट दि अर्लिएस्ट’ लिहून स्वस्थ बसणाराला पुढें वाद पडल्यास, किती दिवस वाजवी आणि किती अवाजवी, हें पुराव्यानें सिद्ध करीत बसावें लागण्याचा संभव आहे. एक आंकडा लिहिला असता तर तें सर्व टळलें असतें.

या शब्दसमूहाचा खरा, अस्सल उपयोग पहावयाचा तर इतिहाससंशोधकांकडे जावें. तेथें तो भविष्याकडे न पाहतां भूतकाळाकडे पाहतो आणि फार मोलाचें काम करतो. समजा, पाककृतींचें एक जुनें हस्तलिखित मिळालें. त्यावर शक नाहीं, लेखकाचें नांव नाहीं. एका कृतींत मिरची घालण्यास सांगितलें आहे. मिरची मूळची अमेरिका खंडांतली. कोलंबस तिकडे पोंचला १४९२ सालीं, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ सालीं, आणि पोर्तुगीजांच्या मार्फत मिरची भारतांत आली. (मिरीं मात्र येथलींच, हस्तलिखित वाचतांना मिरीं आणि मिरची यांची गल्लत करूं नये.) तेव्हां संशोधक लिहितो, ‘दि मॅन्युस्क्रिप्ट बिलाँग्ज टु दि सिक्स्टीन्थ सेंचुरी ॲट दि अर्लिएस्ट.’ हस्तलिखित सोळाव्या शतकापूर्वींचें असूं शकत नाहीं. सोळाव्या शतकांतलें असेल, अठराव्यांतलें असेल, कदाचित् एकोणिसाव्यांतलेंहि असेल. जो वाचक या वाक्याचें भाषांतर ‘हें हस्तलिखित सोळाव्या शतकांतलें आहे’ असें करतो, तो त्या पोथीला विनाकारण दोन-तीनशें वर्षांचें वय बहाल करतो. ‘हें हस्तलिखित फार जुनें, अगदीं सोळाव्या शतकांतलें आहे’ असें करणारा त्याच्याहि पुढें जातो. संशोधकानें जेथें हात आंखडता घेतला होता तेथें तो मूठ मोकळी सोडतो.

तोच प्रकार नाण्यांचा. एखाद्या वाड्याच्या पडझडींत फरसबंदीच्या खालच्या, न उकरलेल्या थरांत शिवराई सांपडली, तर ती फरसबंदी १६७४ सालीं झाली असें ठरत नाहीं. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ सालचा, शिवराई तेव्हांपासूनची. फरसबंदी ‘१६७४ ॲट दि अर्लिएस्ट’ इतकेंच सिद्ध होतें. शिवराई पुढें दीर्घकाळ व्यवहारांत राहिली, त्यामुळें ती नाणें म्हणून कोणाच्या कनवटीवरून केव्हां पडली याला नाण्यावरून उत्तर नाहीं. मराठींत अशा ठिकाणीं ‘१६७४ पूर्वींची नव्हे’ असें नकारार्थी भाषांतर करणें सर्वांत निर्धोक. किंबहुना ‘ॲट दि अर्लिएस्ट’ कोठेंहि भेटलें तरी ‘त्यापूर्वीं नाहीं’ असें मनांतल्या मनांत वाचण्याची संवय लावली तर अर्थ बहुधा चुकत नाहीं.

अंतराळयानें सोडणारे लोक हीच नकारार्थी भाषा बोलतात. अमेरिकेची ‘नासा’ ही संस्था उड्डाणाची तारीख जाहीर करतांना तिच्यापुढें ‘नो अर्लिअर दॅन’ हे शब्द घालते. त्यांचीं आद्याक्षरें ‘एन. ई. टी.’ अशीं त्या वर्तुळांत रूढ आहेत. चंद्राच्या मोहिमेंतलें ‘आर्टेमिस’चें पहिलें उड्डाण २९ ऑगस्ट २०२२ च्या आधीं नाहीं असें जाहीर झालें होतें. त्या दिवशीं तें झालें नाहीं, ३ सप्टेंबरलाहि झालें नाहीं. प्रत्यक्ष उड्डाण झालें १६ नोव्हेंबरला. अडीच महिन्यांहून अधिक उशीर झाला तरी जाहीर केलेले शब्द खोटे ठरले नाहींत.

आतां वाक्यांत हा शब्दसमूह कोठें बसवावा तें पहावयाचें. त्याची जागा काळवाचक शब्दांच्या लगेच मागोमाग. ‘नेक्स्ट वीक ॲट दि अर्लिएस्ट’, ‘इन जून ॲट दि अर्लिएस्ट’. काळवाचक शब्द आधीं नसेल तर वाक्य लिहिणारानें लेखणी थांबवावी. कांहीं तरी चुकतें आहे. ‘नॉट अन्टिल मंडे ॲट दि अर्लिएस्ट’ असा प्रयोग इंग्रजींत सर्रास आढळतो, तो खपतो. ‘नॉट बिफोर मंडे ॲट दि अर्लिएस्ट’ मात्र पिवळा पीतांबर आहे. सोमवारपूर्वीं नाहीं असें एकदां म्हटल्यावर लवकरांत लवकर सोमवार हें पुन्हां सांगण्यांत स्वारस्य नाहीं.

एक बारकावा मात्र रसिकतेनें पाहण्यासारखा आहे. ‘दि रिझल्ट मे बी आउट ॲज अर्ली ॲज थर्सडे’ आणि ‘दि रिझल्ट विल बी आउट ऑन थर्सडे ॲट दि अर्लिएस्ट’ या दोन वाक्यांत कुंपण एकाच जागीं आहे. दोहोंतहि गुरुवार हाच सर्वांत जवळचा दिवस. पण बोलणाराची वृत्ति अगदीं भिन्न. पहिला म्हणतो, ‘कोणी सांगावें, गुरुवारींसुद्धां निकाल लागेल !’ दुसरा म्हणतो, ‘गुरुवारच्या आधीं कुठचा निकाल लागतो आहे !’ पहिला आशा लावतो, दुसरा आशेला लगाम घालतो. परीक्षार्थी मुलाच्या घरीं यांपैकीं कोणतें वाक्य उच्चारावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण ऐकणाराला तें ओळखतां आलें पाहिजे. घाईच्या पत्रांत ‘ॲट दि अर्लिएस्ट’ लिहिणारा भारतीय माणूस आपल्याला आशेचा सूर लागला आहे असें समजतो, आणि त्याच्या तोंडून निघतो तो लगामाचा सूर.

मग त्वरा कशी मागावी ? तारीख नसेल तर ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ हा साधा प्रयोग पुरे. त्याच्या आद्याक्षरांची जोडणी हल्लीं संदेशांतून फार दिसते; बरोबरीच्यांत ती चालेल, वडील माणसाला किंवा वरिष्ठाला ती उद्धट वाटण्याचा संभव आहे. वरिष्ठास ‘ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’ लिहावें, मात्र तें पूर्ण लिहावें, शेपूट तोडूं नये. आणि ज्याच्याकडून पैसे यावयाचे आहेत त्याला हा नम्र प्रयोग लिहूं नये. त्याची सोय कधींच होत नसते.

तारीख असेल तर ‘बाय’ किंवा ‘नॉट लेटर दॅन’ यांपैकीं एक घ्यावें. ‘नॉट लेटर दॅन दि टेन्थ’ यांत दहावी तारीख धरलेली आहे. ‘बिफोर दि टेन्थ’ यांत ती धरलेली नाहीं, नववीलाच काम संपलें पाहिजे. येथेंहि मराठी ‘पर्यंत’ हा शब्द घोटाळ्यांत पाडतो. ‘दहा तारखेपर्यंत पैसे द्या’ याला ‘बाय’ लागतें, कारण दहाच्या आंत केव्हां तरी एकदां द्यावयाचे आहेत. ‘दहा तारखेपर्यंत मुक्काम आहे’ याला ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’ लागतें, कारण मुक्काम रोज चालू आहे. ‘पे अन्टिल दि टेन्थ’ असें लिहिलें तर दहा तारीख येईतों पैसे देतच रहा असा अर्थ निघेल, आणि एवढा उदार ऋणको मिळणें कठीण.

‘ॲट लीस्ट’, ‘ॲट मोस्ट’, ‘ॲट बेस्ट’, ‘ॲट वर्स्ट’ हीं याच कुळांतलीं मंडळी. त्यांच्यांत मध्यें ‘दि’ नसला तरी चालतें, कित्येकदां नसतोच. तीं सर्व मर्यादाच सांगतात. त्यांपैकीं पहिल्या दोहोंविषयीं गोंधळ होत नाहीं, कारण मराठी ‘कमींत कमी’ आणि ‘जास्तींत जास्त’ यांशीं त्यांचा मेळ तंतोतंत बसतो. जपावें तें ‘ॲट बेस्ट’ला. ‘ही इज ॲट बेस्ट ए गुड क्लार्क’ असें कोणा उमेदवाराच्या शिफारसपत्रांत भल्या मनानें लिहिलें गेलें, तर त्याचा अर्थ, ‘फार चांगलें म्हणावयाचें झालें तर बरा कारकून आहे, त्यापलीकडे कांहीं नाहीं,’ असा होतो. शिफारस करणाराला ‘उत्कृष्ट’ म्हणावयाचें होतें, आणि त्या पत्रानें उमेदवाराची नोकरी जाऊं शकते.

ज्या घरीं मुलें इंग्रजी शिकत आहेत त्या श्रोत्यांनीं तीन वाक्यें उतरवून घ्यावींत आणि तीं मुलांपुढें ठेवावींत. पहिलें : ‘निकाल लवकरांत लवकर जाहीर करावा.’ यांत ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ येईल. दुसरें : ‘निकाल लवकरांत लवकर जूनच्या पहिल्या आठवड्यांत लागेल.’ येथें ‘ॲट दि अर्लिएस्ट’ आपल्या हक्काच्या जागीं, आठवड्याच्या मागोमाग, वाक्याच्या शेवटीं बसेल. तिसरें : ‘लवकरांत लवकर, म्हणजे दहा तारखेच्या आंत, फी भरावी.’ यांत दोहोंपैकीं एकहि कामाचें नाहीं. ‘बाय’ किंवा ‘बिफोर’ घ्यावें लागेल, आणि दहावी तारीख आंत धरावयाची कीं बाहेर, हें इंग्रजींत लिहिण्यापूर्वीं मराठी लिहिणारालाच विचारून घ्यावें लागेल.